वादळ ‘अचानक’ येते का?

१/
इतिहासाच्या पुस्तकांत एक वाक्य फार सहजपणे येऊन जाते : ‘तेवढ्यात अचानक वादळ सुटले.’ आरमाराची दाणादाण उडते, मोहीम फसते, शेकडो माणसे समुद्राच्या पोटात जातात आणि ग्रंथकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. प्रस्तुत थ्रेडचा विषय त्या वाक्यातील ‘अचानक’ हा एकच शब्द आहे. युरोप आणि उत्तर अटलांटिक यांच्यापुरते बोलायचे, तर १८५४ नंतरच्या इतिहासात हा शब्द पुराव्यावाचून वापरला जाऊ नये.

२/
प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चक्रीवादळ म्हटले की मराठी वाचकाला ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ आठवते. ते उष्ण कटिबंधातले वादळ. तापलेल्या समुद्राच्या बाष्पावर पोसलेले. युरोपला झोडपणारी वादळे निराळ्या कुळातली आहेत. साधारण ३० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात ती जन्मतात, हजार ते तीन-चार हजार किलोमीटर पसरतात आणि कडाक्याच्या हिवाळ्यातच अधिक उग्र होतात. भूगोलाच्या पुस्तकांत त्यांना ‘समशीतोष्ण आवर्त’ म्हणतात.

३/
गंमत अशी, की ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला मिळाला तो कलकत्त्याहून. तेथे राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात वेटोळे घातलेल्या सापाचा अर्थ सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून तो घडवला. बंगालच्या उपसागरातील वादळांसाठी घडलेला हा शब्द पुढे युरोपातील आवर्तांनाही लावला गेला. नाव एक झाले, म्हणून कारणही एकच असेल, असे अनेकांना बराच काळ वाटत राहिले.

४/
१५८८ चा दाखला घ्यावा. इंग्लंडवर चालून गेलेले स्पेनचे आरमार परतीच्या वाटेवर स्कॉटलंडला वळसा घालून निघाले आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची वीसहून अधिक जहाजे फुटली. विजयी पक्षाने ईश्वरी फुंकरीची आठवण म्हणून पदके पाडली. विसाव्या शतकात ह्युबर्ट लँब आणि सहकाऱ्यांनी त्या काळच्या नोंदींवरून तेव्हाच्या हवामानाचे नकाशे पुन्हा रेखाटले. त्यांत अटलांटिकवरून एकामागून एक आलेले आवर्त दिसतात.

५/
तरीही १५८८ च्या नाविकाच्या दृष्टीने ते वादळ अचानकच होते, हे मान्य करायला हवे. क्षितिजापलीकडे काय चालले आहे, हे कळण्याचे साधनच त्याच्यापाशी नव्हते. वादळ घोड्याहून आणि गलबताहून वेगाने जात होते. म्हणून वादळाची बातमी नेहमी वादळाच्या मागून येई. ज्या काळात बातमी मागे पडणे अटळ होते, त्या काळात दैवाला बोल लावण्याखेरीज माणसाच्या हाती दुसरे काही नव्हते.

६/
ही स्थिती तारायंत्राने पालटली. समशीतोष्ण आवर्त जागच्या जागी घोंघावत बसत नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास करतो. त्याचा वेग ताशी ३० ते ५० किलोमीटर धरला, तर एका दिवसात तो सुमारे हजार किलोमीटर कापतो. तारेला तेवढेच अंतर तोडायला काही क्षण पुरतात. मानवी इतिहासात प्रथमच बातमी वादळाच्या पुढे धावू शकत होती. मात्र ती धाडणारा आणि ऐकणारा कोणीतरी असायला हवा होता.

७/
१४ नोव्हेंबर १८५४. क्रिमियाचे युद्ध चालू होते. बालाक्लाव्हाच्या बंदराबाहेर नांगरलेल्या ब्रिटिश जहाजांवर वादळ कोसळले. सैन्याचे हिवाळी कपडे घेऊन आलेले ‘प्रिन्स’ हे जहाज खडकांवर आपटून फुटले. फ्रेंचांची ‘आंरी कात्र’ ही युद्धनौकाही गेली. त्यानंतरच्या थंडीत उघड्यावर कुडकुडणाऱ्या शिपायांचे जे हाल झाले, त्यांत त्या बुडालेल्या कपड्यांचाही वाटा होता.

८/
फ्रान्सच्या युद्धमंत्र्याने पॅरिसच्या वेधशाळेचे प्रमुख युर्बॅं ल व्हेरिए यांना विचारले : हे आधी कळू शकले असते काय? हे तेच ल व्हेरिए, ज्यांनी १८४६ मध्ये केवळ गणिताने नेपच्यूनचे आकाशातील स्थान सांगितले होते. त्यांनी युरोपभरच्या निरीक्षकांकडून त्या दिवसांच्या नोंदी मागवल्या. सुमारे २५० उत्तरे आली. ती तारखांप्रमाणे मांडताच चित्र उमटले. वादळ काळ्या समुद्रावर उपजलेले नव्हते. ते युरोप ओलांडून पूर्वेकडे सरकत आले होते.

९/
याचा अर्थ भेदक होता. जहाजे बुडण्यापूर्वीच वादळाची वर्दी पश्चिमेकडील शहरांतल्या वायुभारमापकांनी दिलेली होती. ती माहिती त्या त्या गावच्या वहीत पडून राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ल व्हेरिए यांनी तारायंत्राने जोडलेल्या निरीक्षण-जाळ्याची योजना सम्राट तिसऱ्या नेपोलियनपुढे ठेवली आणि ती मंजूर झाली. इतिहासाच्या दृष्टीने सीमारेषा येथे पडते. या क्षणापासून ‘वादळ आले’ एवढेच सांगणे अपुरे ठरते. ‘त्याची बातमी कुठे होती?’ हेही सांगावे लागते.

१०/
पुढचा धडा ब्रिटनला मिळाला. २५ ऑक्टोबर १८५९ च्या दुपारी वाऱ्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर थैमान मांडले. त्याच वेळी मेलबर्नहून सोने आणि खाणीतून कमाई करून परतणारे प्रवासी घेऊन निघालेले ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या उत्तरेस लिव्हरपूलच्या वाटेवर होते. घर काही तासांवर आले होते. वादळ उत्तरेकडे सरकले. २६ तारखेच्या पहाटे अँगलसी बेटाच्या खडकांवर जहाज फुटले. सुमारे ४५० माणसे मेली. वाचलेल्या ४० जणांत एकही स्त्री वा बालक नव्हते.

११/
ब्रिटनच्या हवामान-खात्याचे प्रमुख होते रॉबर्ट फिट्झरॉय. तरुण चार्ल्स डार्विनला जगप्रवासास नेणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान. त्यांनी या वादळाचा मार्ग तासातासाने तपासला आणि निष्कर्ष काढला, की दक्षिणेकडची बातमी तारेने उत्तरेकडे गेली असती तर बंदरे आधीच सावध झाली असती. किनाऱ्यावरील पंधरा ठाण्यांवरून तारा येऊ लागल्या. फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांत काठीवर काळे शंकू आणि पिंपे चढवून वादळाचा इशारा देण्याची प्रथा सुरू झाली.

१२/
कोकणच्या बंदरात आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटले, की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. काठीवर खूण चढवून वाचता न येणाऱ्या खलाशालाही धोका सांगावा, ही युक्ती त्याच परंपरेतली आहे. ऑगस्ट १८६१ पासून फिट्झरॉय यांचे अंदाज ‘टाइम्स’ वृत्तपत्रात छापले जाऊ लागले. हवामानाच्या अंदाजाला ‘फोरकास्ट’ हे नाव त्यांनीच दिले. ज्योतिष्याच्या भविष्याहून आपले काम वेगळे दिसावे, हा त्यामागचा हेतू होता.

१३/
मात्र अंदाज चुकतही असत आणि चुकले की टवाळी होई. ३० एप्रिल १८६५ रोजी, कर्जाने आणि खिन्नतेने खचलेल्या फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली. मग फ्रान्सिस गॉल्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. प्रत्यावर्तासाठी ‘अँटिसायक्लोन’ हा शब्द शास्त्राला देणाऱ्या या विद्वानाच्या समितीने अंदाजांना पक्का शास्त्रीय पाया नाही, असे ठरवले. डिसेंबर १८६६ मध्ये वादळाचे इशारेही थांबवण्यात आले.

१४/
समितीचा आक्षेप शास्त्र म्हणून खोटा नव्हता. वादळ का होते, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पण पश्चिमेला वायुभार कोसळतो आहे, हे पूर्वेकडच्या कोळ्याला सांगण्यासाठी कारणमीमांसा पूर्ण होण्याची वाट पाहायची काय गरज होती? किनाऱ्यावरच्या लोकांनी इशाऱ्यांचा आग्रह धरला आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात समुद्र नेहमीसारखाच होता. थांबली होती ती बातमी, आणि तिला थांबवणारे हात सुशिक्षित होते.

१५/
आता कारणाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाचे लाडके उत्तर असे : जमिनीलगतची हवा तापते, वर चढते, बाष्प गोठून उष्णता सुटते, हवेचा स्तंभ हलका होतो आणि भोवतालची हवा आत धावते. हे खरे असते, तर आवर्ताचा मध्य उंचावरही उबदार असायला हवा. ऑस्ट्रियाच्या यूलियुस हान यांनी १८९० च्या सुमारास आल्प्समधील शिखरांवरच्या नोंदी तपासल्या, तर उलटेच आढळले. आवर्ताच्या वर हवा थंड होती आणि प्रत्यावर्ताच्या वर उबदार.

१६/
मग एवढी शक्ती येते कुठून? व्हिएन्नाच्या माक्स मार्गुलेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे गणित मांडले. थंड हवा जड, उबदार हवा हलकी. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असल्या, तर ती अवस्था धरणात अडवलेल्या पाण्यासारखी असते. थंड हवा उबदार हवेच्या खाली घुसली, की साठलेली स्थितिज ऊर्जा मोकळी होते आणि तिचा वारा होतो. वादळाचे इंधन म्हणजे शेजारच्या दोन हवांच्या तापमानातील तफावत. पहिल्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रियातील टंचाईत, १९२० मध्ये, हे मार्गुलेस उपासमारीने मेले.

१७/
तफावत जन्मते ती सूर्यामुळे. विषुववृत्ताकडे ऊन भरपूर, ध्रुवाकडे तुटपुंजे. मधल्या अक्षांशांत या दोन जगांची गाठ पडते आणि हिवाळ्यात त्यांच्यातील अंतर सर्वाधिक होते. म्हणून या वादळांचा हंगाम हिवाळाच. फिट्झरॉय यांना याची चाहूल लागली होती. त्यांच्या १८६३ च्या पुस्तकातील एका आकृतीत ध्रुवीय आणि उष्ण प्रवाहांच्या सीमेवर भोवरे रेखाटलेले आहेत. उत्तर जवळजवळ हाताशी होते. ते पडताळण्याइतक्या दाट नोंदी मात्र नव्हत्या.

१८/
दाट नोंदी मिळाल्या त्या एका विचित्र प्रसंगाने. १९१४ मध्ये युद्ध पेटताच हवामानाच्या नोंदी लष्करी गुपित झाल्या. नॉर्वे तटस्थ होता. पण पश्चिमेकडून येणारी वादळे ज्या तारांनी आधी कळत, त्या बंद पडल्या. धान्याची आयात रोडावली. आपल्या शेतात पिकेल त्यावर निभावायचे, तर कापणीच्या वेळी पाऊस कधी येणार हे कळणे पोटाचा प्रश्न झाले. अशा वेळी, १९१७ मध्ये, व्हिल्हेल्म ब्येर्कनेस जर्मनीतील लायप्झिश सोडून बर्गनला आले.

१९/
दूरची बातमी मिळत नव्हती, म्हणून त्यांनी जवळची वाढवली. दीपगृहांचे रखवालदार, कोळी, शेतकरी, पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी उभारलेली किनाऱ्यावरील नौदलाची ठाणी, असे जे कोणी आकाशाकडे पाहत होते, त्या सर्वांना जाळ्यात ओढले. १९१८ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसाठी रोजचे अंदाज सुरू झाले. नकाशावरची ठिपक्यांची गर्दी वाढली आणि जे आजवर गोल गोल रेषांत हरवून जात होते, ते दिसू लागले.

२०/
दिसले ते असे. आवर्तात पाऊस सगळीकडे सारखा नव्हता. तो दोन ठळक रेषांवर गोळा झाला होता. व्हिल्हेल्म यांचा विशीतला मुलगा याकोब याने हे १९१९ मध्ये एका छोट्या निबंधात मांडले. वारे एकत्र येणाऱ्या अशा रेषांचा अभ्यास लायप्झिशला हर्बर्ट पेट्झोल्ड हा विद्यार्थी करत होता. तो १९१६ मध्ये व्हर्दूंच्या लढाईत मारला गेला आणि ते काम याकोबकडे आले. वादळाच्या या रेषांना पुढे नाव मिळाले ‘फ्रंट’, म्हणजे आघाडी. शब्द थेट युद्धभूमीवरून उचललेला.

२१/
यानंतर वादळाचे चरित्रच लिहिले गेले. ध्रुवीय आणि उष्ण हवेच्या सीमेवर एक लहानसा बाक पडतो. बाकाच्या पुढच्या अंगाने उबदार हवा उत्तरेकडे सरकून थंड हवेवर अलगद चढते. तेथे लांबलचक, संथ पाऊस पडतो. मागच्या अंगाने थंड हवा दक्षिणेकडे मुसंडी मारते आणि उबदार हवेला पाचरीसारखी उचलते. तेथे सोसाट्याचे वारे आणि जोरदार सरी. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वारे उजवीकडे वळतात, म्हणून उत्तर गोलार्धात हा सारा व्यूह घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

२२/
थंड आघाडी वेगवान असते. ती पुढच्या उबदार आघाडीला गाठते, तेव्हा मधली उबदार हवा जमिनीपासून पूर्ण उचलली जाते. ही अवस्था टॉर बेर्गेरॉन यांनी १९१९ च्या अखेरीस नकाशांवर ओळखली. आता जड हवा खाली, हलकी वर. तफावत संपली, इंधन संपले. आवर्त काही दिवसांत विरतो आणि त्याच सीमेवर मागे दुसरा बाक पडलेला असतो. याकोब ब्येर्कनेस आणि हाल्व्हर सुलबर्ग यांनी १९२२ मध्ये हे जीवनचक्र सुसंगतपणे मांडले. जे जन्मते, वाढते, वृद्ध होते आणि मरते, त्याचे वय ओळखता येते. आणि वय कळले की पुढची चाल सांगता येते.

२३/
एक दुवा उरला होता : तो पहिला बाक वाढतोच का? उत्तर उंचावर होते. नऊ ते बारा किलोमीटरांवर वाहणारा जेट प्रवाह जेथे फाकतो, तेथे वरून हवा उपसली जाते आणि जमिनीवरचा वायुभार घसरतो. ज्यूल चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि एरिक ईडी यांनी १९४९ मध्ये गणिताने दाखवले, की उत्तर-दक्षिण तफावत पुरेशी असली तर काही हजार किलोमीटर लांबीचा क्षुल्लक तरंगही आपोआप फोफावतो. वादळाला बाहेरून कोणी पेटवावे लागत नाही. प्रसंग वातावरणात कायमच तयार असतो.

२४/
जून १९४४ कडे या दृष्टीने पाहावे. नॉर्मंडीवरील चढाईचा दिवस ५ जून ठरला होता. ३ जूनला आयर्लंडच्या वायव्य टोकावरील ब्लॅकसॉड येथून मॉरीन फ्लॅव्हिन या तरुणीने वायुभार झपाट्याने घसरत असल्याची नोंद पाठवली. त्या दिवशी तिचा एकविसावा वाढदिवस होता. आयर्लंड तटस्थ होता, तरी त्याच्या नोंदी ब्रिटनला मिळत राहिल्या. ‘पुन्हा तपासा’ असा निरोप आला. आकडे बरोबर होते. मुख्य हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांच्या सल्ल्यावरून जनरल आयझेनहॉवर यांनी चढाई एक दिवस पुढे ढकलली.

२५/
स्टॅग यांच्या सल्लागारांत स्व्हेरे पेटर्सेन होते. बर्गनच्या परंपरेत घडलेले. दोन आवर्तांच्या मधली उघडीप ओळखली गेली आणि ६ जूनची पहाट साधली. जर्मनांपाशीही शास्त्र होते. अटलांटिकवरच्या पुरेशा नोंदी नव्हत्या. अशा हवेत शत्रू येणार नाही, असे मानून रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेले होते. या प्रसंगाला ‘दोस्तांचे नशीब’ म्हणणारे लेखक आजही आढळतात. ज्याला टपाल-कचेरीतल्या एका तरुणीची तासातासाची नोंद मिळत होती, त्याचे ते नशीब होते आणि ज्याला मिळत नव्हती, त्याचे दुर्दैव, असे म्हणायचे असेल तर शब्दांना अर्थच उरत नाही.

२६/
यावर एक आक्षेप रास्त आहे : शास्त्र पूर्ण झाल्यावरही माणसे मेलीच ना? ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री स्कॉटलंडच्या उत्तरेकडून आलेल्या आवर्ताने उत्तर समुद्राचे पाणी दक्षिणेच्या चिंचोळ्या भागात ढकलले. त्यात उधाणाची भरती. नेदरलँड्समध्ये १,८३६ आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसे दगावली. पण वादळ कोणापासून लपले होते? डच हवामान-संस्थेने धोक्याच्या तारा केल्या होत्या. मध्यरात्री देशाचे नभोवाणी केंद्र नेहमीप्रमाणे बंद झाले. इंग्लंडमध्ये लिंकनशरचा किनारा संध्याकाळी सातच्या सुमारास बुडाला. दक्षिणेकडील कॅनव्ही बेटावर पाणी मध्यरात्रीनंतर शिरले. मधले कित्येक तास एका परगण्याने दुसऱ्याला नीट हाक दिली नाही. झोपेत असलेल्या पन्नासहून अधिक माणसांना कॅनव्हीवर पाण्याने गाठले.

२७/
त्यानंतर बंधारे बांधले गेले, भरतीच्या इशाऱ्याची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. ५ डिसेंबर २०१३ रोजी तशाच वादळाने त्याच समुद्रात पाणी चढवले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पातळी १९५३ च्याही वर गेली. घरे बुडाली, नुकसान झाले. पण हजारो माणसे आधीच हलवली गेली होती आणि ब्रिटनमधील मृतांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. समुद्र तोच, वारा तसाच. साठ वर्षांत बदलले ते बंधारे आणि हाक देण्याची पद्धत.

२८/
हा केवळ युरोपचा विषय नाही. भूमध्य समुद्राकडून निघणारे याच कुळातले पश्चिमी चक्रावात हिवाळ्यात काश्मिरात बर्फ आणि पंजाबात गव्हाला पाऊस देतात. त्यांची द्रोणी दक्षिणेला खोल उतरली आणि तिला समुद्रावरचे बाष्प मिळाले, तर महाराष्ट्रातही गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातली उभी पिके झोपवली, ती याच मेळातून. तेथेही ‘अवकाळी’ म्हणून थांबता येत नाही. अंदाज किती दिवस आधी होता, तो बांधावर कोणत्या शब्दांत पोहोचला आणि काढणीला आलेले पीक झाकायला शेतकऱ्यापाशी ताडपत्री होती काय, हे भावी इतिहासकाराला शोधावे लागेल.

२९/
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने एक सवय लावून घ्यावी. पुस्तकात ‘अचानक वादळ’ दिसले, की पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढावी आणि समासात तीन प्रश्न लिहावेत. हे वादळ आधी कोणाला दिसले? त्याने ते कोणाला सांगितले? ती बातमी कोणत्या टेबलावर, कोणत्या सीमेवर, कोणत्या वेळी थांबली? १५८८ साठी या प्रश्नांना उत्तर नाही आणि तेथे ‘अचानक’ हा शब्द राहू द्यावा. १८५४ नंतर उत्तर बहुधा दफ्तरात सापडते : एखाद्या तारेच्या नकलेत, समितीच्या अहवालात, निरीक्षकाच्या वहीत.

३०/३०
वातावरणात तफावत आहे तोवर समशीतोष्ण आवर्त येत राहणार. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. पण ‘रॉयल चार्टर’वरील ४५० जण आणि कॅनव्हीवर झोपेत बुडालेली माणसे यांच्या मृत्यूचे कारण लिहिताना ‘वादळ’ एवढाच शब्द पुरेसा मानला, तर त्या दोन रात्री जी बातमी मध्येच अडली, ती अडवणाऱ्या व्यवस्थेची कायमची सुटका होते. ती सुटका करणे हे इतिहासकाराचे काम नव्हे.